गुडघ्याला दहापैकी किती?

४ फेब्रुवारी, बुधवार

लिहा. मी बोलते तसं लिहा आणि मधे काही विचारू नका.

समोरच्या दारातल्या स्टेनोबाईंना हे सांगायची गरज नाही म्हणा. तेहेतीस वर्षं त्यांनी साहेबांच्या तोंडचं उतरवून घेतलं आणि एकदाही स्वतःचं मत दिलं नाही. निवृत्त झाल्यापासून बोटं शिवशिवतात म्हणतात. सून दुपारी ग्रंथालयात कामाला जाते, तेव्हा माझ्या सोबतीला त्या येऊन बसतात. मला अक्षर येत नाही, त्यांना गप्प बसून लिहायची हौस. भांड्याला झाकण मिळालं.

तर, गेल्या बुधवारी माझा उजवा गुडघा बदलला. जुना चौऱ्याहत्तर वर्षं चालला, नव्याची गॅरंटी वीसची. म्हणजे माझ्यामागे त्याचं काय करायचं ते मुलाने बघावं.

दवाखान्यातून निघताना नर्सबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "आजी, रोज सकाळी गुडघ्याला दहापैकी किती ते तुम्ही सांगायचं, सून कागदावर लिहील. आकडा तुमचाच. तिने तो बदलायचा नाही, वाद घालायचा नाही." सून तेव्हा औषधं आणायला गेली होती. मला गुंगी होती, पण एवढं पक्कं डोक्यात बसलं. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. जन्मात कोणी मला मार्क दिले नाहीत. आणि आता एकदम परीक्षक!

आज सकाळी सून कागद घेऊन उभी. "आई, आज किती?" गुडघा सुजून भोपळा झालेला, वाकायचं नाव नाही, रात्रभर ठणकत होता. मी म्हटलं, "दोन." त्यातला एक दयेचा.

तर ही म्हणते, "दोनच? वा, बरं झालं हो आई!" आणि हसत हसत चहा टाकायला गेली. अठरा वर्षं एका घरात राहतोय. सासूचा गुडघा नापास झाल्याचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गोळ्यांचं सांगायचं राहिलं. नावं मला वाचता येत नाहीत, म्हणून मी त्यांना नाती लावून घेतली.

पांढरी मोठी ती थोरली जाऊ. दिवसातून तीनदा येते, गाजावाजा नाही, पण तिच्यावाचून घर चालायचं नाही. सून तिला पॅरासिटामॉल म्हणते. सर्दीच्या गोळीतही हीच लपलेली असते, तेव्हा सर्दी झाली तर विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. जाऊ कितीही गरीब असली तरी तिच्यावर दुप्पट काम टाकलं की एक दिवस बिथरतेच.

गुलाबी ती नणंद. सूज तीच उतरवते, पण उपाशीपोटी आली तर आतून जाळते. तिला आधी जेवण, मग मान. सकाळी तिच्या आधी एक कॅप्सूल घ्यायची, नणंद यायच्या आधी घर आवरून ठेवावं तशी. मुक्काम दहा दिवस, वर एकही नाही. जास्त राहिली तर मूत्रपिंडावर उठते, असं डॉक्टर म्हणाले.

गुडघ्याला आज तीन.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज वॉकर घेऊन दारापर्यंत गेले आणि परत आले. टाच मागे ओढली तर चक्क ओढली गेली. पाच मार्क दिले. मनात साडेपाच होते, पण सुनेला अर्धा लिहायचा कंटाळा.

पाच ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. "पाच? काल चार होते ना?" म्हणाली. मी म्हटलं, "चढणारच. बघत राहा." तिने उशी माझ्या पायाखाली नीट केली.

स्टेनोबाईंची पाठ धरलीय. मी म्हटलं, आमची नणंद घ्या एक, उद्या नाचाल. तर त्यांनी लिहिताना पहिल्यांदाच तोंड उघडलं. "काकू, मला बीपी आहे. माझ्या डॉक्टरांनी ही जात मला वर्ज्य केलीय. दुसऱ्याची गोळी घेणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून जिना उतरणं." मग म्हणाल्या, "हे लिहू का?" लिहा म्हटलं. तुमचंही एक वाक्य असू द्या.

११ फेब्रुवारी, बुधवार

मास्तरांचा फोन आला. हे मास्तर शाळेचे नव्हेत, शिवणाचे. त्यांच्या दुकानात मी एकेचाळीस वर्षं काजं करतेय. सदऱ्याची, कोटाची, एकदा तर बँडवाल्यांच्या चौदा डगल्यांची, एकेकाला अकरा काजं. दोऱ्याला मेण लावायचं, टाक्याशेजारी टाका बसवायचा, टोकाला डोळा गोल ठेवायचा. माझ्या काजातून बटण आपलं आपण जातं, ढकलावं लागत नाही.

मास्तर म्हणाले, "काकू, पंधरा मार्चपर्यंत जागा तुमची. त्यापुढे माझा नाइलाज आहे, गिऱ्हाईक थांबत नाही. काजाचं यंत्र बघून ठेवलंय."

यंत्राला एक काज करायला किती वेळ लागतो, असं मी विचारलं. ते म्हणाले, "शिंक येते तेवढा." मी फोन ठेवून दिला.

मुलाने बजावलंय, डॉक्टरांनी जा म्हटल्याशिवाय जिना उतरायचा नाही. म्हणजे गुडघा पास झाला पाहिजे. आज सहा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासणीला गेलो. मुलाने आणि रिक्षावाल्याने मला खुर्चीसकट जिना उतरवलं. डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान, कपाळावर आठ्या मात्र आजोबांच्या. कागद बघून म्हणाले, "आकडा चढत चाललाय."

"चाललाय ना!" मी म्हटलं.

"सहन होतंय का आजी?"

"न व्हायला काय झालं?"

ते सुनेला हळूच म्हणाले, "फार सोशिक आहेत." माझी ही कीर्ती घरात कधी कोणाच्या कानावर आली नव्हती. सून मान हलवत होती, डोळे भरलेले.

नणंद आज रीतसर गेली. तिच्या जागी नवी गोळी आली, ट्रॅमाडॉल. जोरकस आहे. तिला मी जावई म्हणते. थाटात येतो, सगळं घर त्याच्याभोवती फिरतं, आणि पाच दिवसांवर ठेवून घ्यायचा नसतो. इतका हुशार गुडघा, सातवर पोचलेला, त्याला ही शिकवणी कशाला, ते कळलं नाही. शेवटच्या महिन्यात हुशार मुलांना जादा तास लावतात म्हणे, तसं असेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जावयाने घर फिरवलं. भिंतीवरचं कॅलेंडर दिवसभर डुलत होतं. खुंटीवरच्या मुलाच्या शर्टाला मी "बस ना, उभा का?" म्हटलं. पोटाने संप पुकारलाय. सून पाण्याचे तांबे घेऊन वाटाघाटी करतेय. चालायला गेले तर एक पाय उत्तरेला, दुसरा दक्षिणेला. गुडघ्याला चारच दिले. त्याचा दोष नाही, परीक्षकच झुलत होता.

चार ऐकून सुनेने टाळी वाजवली. खरंच वाजवली! धावत जाऊन दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, गोळी लागू पडली, आईंचा आकडा एकदम चारवर आला!" पलीकडून हुकूम सुटला: पुढच्या तपासणीपर्यंत चालू ठेवा.

सांगा आता. मी आडवी, गुडघा नापास, आणि ही टाळ्या वाजवतेय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

माझा हिशेब असा. मार्क कमी पडले तर शिकवणी चालू राहते. पोरगं पहिल्या वर्गात आलं की कोण शिकवणी ठेवतो? तेव्हा आजपासून झोकांडी गेली तरी मार्क वरचे. आज नऊ!

सुनेच्या हातातलं पेन खाली पडलं.

संध्याकाळी तिने कोमट पाण्यात माझे पाय ठेवले. केसांना तेल लावलं. मी मागितलं नव्हतं. मग म्हणाली, "आई, माझं काही चुकत असेल तर बोला. पण असं आतल्या आत सोसू नका."

मी म्हटलं, "मी आतल्या आत काही ठेवते का कधी?"

"तेच तर," म्हणाली, "म्हणून जास्त भीती वाटते."

हिला माझ्याकडून काय हवंय ते कळत नाही. माझ्याकडे आहे तरी काय? बटणांचे तीन डबे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हसण्यासारखं काही नाही. तरी लिहा.

डॉक्टरांनी फोटो काढला. छान. रक्त तपासलं. छान. जखम बघितली, बोटाने दाबली, म्हणाले, "सगळं छान आहे, मग हे असं का?" आठ, नऊ, नऊ, नऊ. कागदावर बोट फिरवत राहिले.

जावयाला निरोप दिला. एकदम नाही, आधी अर्ध्यावर आणायचा, मग सोडायचा. त्याच्या जागी झोपायच्या आधीची एक बारकी कॅप्सूल. ही मुळात फिट्सवरची, पण शिरा कुरकुरत असतील तर त्यांनाही गप्प करते म्हणे. ही मावशी. आली एका कामाला, करते दुसरंच.

मग डॉक्टर सुनेकडे वळून म्हणाले, "अकरा मार्चला बघू. तेव्हाही असंच असेल तर पुन्हा उघडून बघावं लागेल."

मला ऐकू येतं. कान बदललेले नाहीत. पुन्हा उघडायचं म्हणजे पुन्हा भोपळा, पुन्हा वॉकर, आणि पंधरा मार्चला माझ्या जागेवर ते यंत्र शिंकत बसणार. सुनेने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

नऊ मिळवूनही हा माणूस म्हणतो पुन्हा बसा. याचा अर्थ एकच. इथे दहालाच पास करतात.

४ मार्च, बुधवार

आज दुपारी मी आणि स्टेनोबाईंनी गुन्हा केला. जिना उतरलो. सोळा पायऱ्या, कठड्याला हात, काठी स्टेनोबाईंकडे. खालच्या पायरीवर जरा टेकलो, रस्ता बघितला. सायकलवरून बर्फाच्या लाद्या चालल्या होत्या, पाण्याची ओळ मागे सोडत. कोपऱ्यावरचा चप्पल शिवणारा ओरडला, "काकू, आहात अजून?" मी म्हटलं, "तुझी उधारी वसूल करायची राहिलीय, कशी जाईन?" मग वर चढलो. चढताना थोडं ओढलं, पण गुडघा लोण्यासारखा वाकला. वरच्या पायरीवर मी त्याची पाठ थोपटली. गुडघ्याला पाठ नसते हे मला माहीत आहे.

उद्या सकाळी दहापैकी दहा. डोळे मिटून.

५ मार्च, गुरुवार

दहा सांगितले. सून आत गेली आणि नळ सोडून बसली. भांडी नव्हती, नुसता नळ. मुलगा कामावर गेलाच नाही, माझ्या पलंगावर बसून म्हणाला, "आई, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या का?"

मी म्हटलं, "आता कशाला? निकाल हातात आलाय."

तो उठून नळ बंद करायला गेला. दोघांचं आत काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. माझा गुडघा पहिला आला तर या घरात सुतक! माझ्याच पोटचं आणि माझ्याच घरात आणलेलं, आणि दोघंही माझ्या यशावर जळतात.

१२ मार्च, गुरुवार

काल दिवसभर इतकं बोलणं झालं की आज घसा बसलाय. पण हे लिहिलंच पाहिजे. स्टेनोबाई, पेनात शाई आहे ना?

काल डॉक्टरांनी कागद पाहिला. दहा, दहा, दहा. सुस्कारा टाकला. म्हणाले, "आजी, जरा चालून दाखवा." मी बोळाच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं, काठी तिथेच राहिली होती, खुर्चीला टेकून.

डॉक्टर काठीकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत.

"गुडघा वाकवा." वाकवला. "दुखलं?"

"थोडं ओढतं."

"थोडं? मग दहा कसे?"

"मग किती देऊ? अकरा?" माझा पाराच चढला. "अहो डॉक्टर, दोनपासून सुरुवात केली बिचाऱ्याने. भोपळ्यासारखा होता, वाकत नव्हता, रात्रभर ठणकत होता, तेव्हा दोन दिले. दारापर्यंत गेला तेव्हा पाच. जिना उतरला तेव्हा दहा. दहापैकी दहा मिळालेल्या पोराला पुन्हा परीक्षेला बसवतात, अशी शाळा आहे तरी कुठली तुमची?"

नर्सबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, खांदे हलत होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

सून म्हणाली, "आई... तो आकडा दुखण्याचा होता."

"दुखण्याला कोण मार्क देतं?" मी म्हटलं.

आणि ती त्या फिरत्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली. अठरा वर्षांत तिला मी अशी हसताना पाहिली नव्हती, स्टूल गोल फिरतंय, ही हसतेय, डोळ्यांतून पाणी, "पाच आठवडे! आई, पाच आठवडे!" डॉक्टरही हसले. मग उठून माझ्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "चूक आमची आजी. रोज दहा जणांना विचारतो, पण शून्य कुठलं आणि दहा कुठलं, हे सांगायचं राहून गेलं. दोन असताना तुम्हाला जावई हवा होता. नऊ असताना तुम्हाला काही नको होतं. आम्ही नेमकं उलटं केलं."

जावयाचं नाव त्यांना कोणी सांगितलं? सुनेने. म्हणजे हिला माझी नातीगोती ठाऊक होती.

"आता खरं सांगा. दुखणं किती?"

"एक. चढताना दोन."

कुठेही उघडायचं नाही. मावशीला आठवडाभर कमी करत निरोप. थोरली जाऊ फक्त लागलीच तर. उरलेले जावई सुनेने तिथेच परत दिले. घरात ठेवायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत. "आणि कामाला?" मी विचारलं. खाली मांडी घालायची नाही, तासाला एकदा उठून चालायचं, बाकी शनिवारपासून जा.

हे आत्ता मी सांगत होते तेव्हा स्टेनोबाईंचं पेन थांबलं. तेहेतीस वर्षांत थांबलं नव्हतं. म्हणाल्या, "काकू, मला माहीत होतं तुम्ही मार्क देता. मला वाटलं, डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. सुनेला आकडा ठाऊक, कारण नाही. मला कारण ठाऊक, तिचा कागद मी पाहिला नाही. एकदा तोंड उघडून विचारलं असतं तर?"

मी म्हटलं, मग हे सगळं लिहायला काय उरलं असतं? चला, लिहा.

१४ मार्च, शनिवार

गेले. मुदतीच्या एक दिवस आधी.

दुकानाच्या तीन पायऱ्या मास्तरांचा हात न धरता चढले. आत कोपऱ्यात यंत्र येऊन बसलेलं होतं, चकचकीत, कपड्याने झाकलेलं. मी कपडा उचलून बघितला. मास्तर कानामागचा खडू चाचपत म्हणाले, "काकू, हे शर्टांपुरतं. कोटाचं काज त्याला जमत नाही, डोळा चपटा पडतो. मी चार कोट वाया घालवले."

"कोणाचे?"

"एक न्यायाधीशांचा होता."

बसायच्या सतरंजीऐवजी उंच खुर्ची, आणि तिच्यापुढे टेबल, माझ्या कोपराच्या उंचीचं. मास्तरांनी सुताराकडून पाय वाढवून घेतले होते. उंची कोणी सांगितली विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या सूनबाई आल्या होत्या, दोरीने मोजून घेऊन. झाले पंधरा-वीस दिवस."

पंधरा-वीस दिवस. म्हणजे नऊ नऊ चालू होते तेव्हा.

मी दोऱ्याला मेण लावायला घेतलं. सहा काजं केली. तासाला उठले. दुपारी जरा ठणकलं तेव्हा जेवून थोरल्या जावेला बोलावलं. सहाही काजांतून बटण आपलं आपण गेलं.

१९ मार्च, गुरुवार

स्टेनोबाई चार दिवस बहिणीकडे गेल्यात. वही मोकळी ठेवायची नाही, म्हणून आज सुनेला बसवलंय. तिला सांगितलंय, लिही, पण ऐकू नकोस. स्टेनोबाईंना ते जमतं, बघू तुला जमतं का.

लिही. माझी सून कोरडी आहे असं मी अठरा वर्षं समजत होते. हसत नाही, भांडत नाही, काम करते आणि पुस्तकात तोंड घालते. ती दोनला हसली तेव्हा मला वाटलं, दुष्ट आहे. दहाला रडली तेव्हा वाटलं, जळते. एकदाही मनात आलं नाही की ही माझ्यासाठी हसते आणि माझ्यासाठी रडते. मी मरणाच्या दुखण्यात आहे असं तिला वाटत होतं, आणि त्याही वेळी दोरी घेऊन दुकानात गेली. मला बरं वाटेल की नाही हे माहीत नसताना, मी बसेन तर नीट बसेन याची सोय करून आली. आणि मी तिला बटणांच्या डब्यांवर डोळा ठेवून आहे म्हणत होते.

थांबलीस का? ऐकू नकोस म्हटलं होतं.

पुढे लिही. अशी सून मी निवडली नव्हती, मुलाने निवडली. त्याने जन्मात केलेलं तेवढंच एक शहाणपणाचं काम.

सून विचारते, "आई, हे खरंच लिहू?" लिही. तुला वाटत असेल, म्हातारीला वाचता येत नाही, दोन ओळी गाळल्या तर हिला काय कळणार. सोमवारी स्टेनोबाई येतील. त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेणार आहे, तुला समोर बसवून.